जपानमधला परदेशी इंग्रजी मास्तर : मान आणि भाकर

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. गिरणीतला माणूस, आणि बोलणार जपानमधल्या इंग्रजीच्या मास्तरांवर! पण त्याला कारण आहे. आपल्या वस्तीतली पोरंपोरी आता बी.ए., बी.एस्सी., बी.एड. होऊ लागली आहेत. इंग्रजी बोलतात. त्यांच्यातल्या काहींनी आम्हाला विचारलं, "काका, जपानला इंग्रजी शिकवायला बाहेरची माणसं लागतात म्हणे. बौद्धांचा देश आहे. जावं का?" आम्ही काही जपान पाहिलेला नाही. पण प्रश्न आला की उत्तर शोधायचं, ही सवय चळवळीने लावली. मिळेल ते वाचलं, टाचणं काढली. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मान वेगळा आणि हक्क वेगळा. मान दुसरा देतो, तो केव्हाही काढून घेऊ शकतो. हक्क कायद्याने आणि संघटनेने मिळतो. जपानमधल्या परदेशी मास्तराच्या जगण्यात हा फरक रोज दिसतो.

जपानला परदेशी मास्तरांची गरज पडली ती दीडशे वर्षांपूर्वी. १८६८ साली मेइजी राजवट आली. युरोप-अमेरिकेची विद्या शिकल्याशिवाय आपला निभाव लागणार नाही, हे सरकारने ओळखलं आणि मोठमोठे पगार देऊन परदेशी जाणकार आणले. त्याच काळात, १८९० साली, लाफ्कादिओ हर्न नावाचा लेखक मात्सुए गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेला. आई ग्रीक, बाप आयरिश, एका डोळ्याने अधू. पगार महिना शंभर येन. त्या काळात तो भरपूर होता. त्याने सेत्सु नावाच्या जपानी बाईशी संसार केला, बौद्ध धर्मावर आणि तिथल्या लोककथांवर पुस्तकं लिहिली. १८९६ साली जपानचं नागरिकत्व घेऊन तो कोइझुमी याकुमो झाला. त्याच वर्षापासून तो टोकियोच्या शाही विद्यापीठात शिकवू लागला. विद्यार्थ्यांचा फार लाडका. पण १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याला काढलं. विद्यार्थ्यांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. त्याच्या जागी लंडनहून शिकून आलेले नात्सुमे सोसेकी आले, जे पुढे जपानचे थोर कादंबरीकार झाले. आपला माणूस तयार केला यात जपानचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. पण बाहेरच्या मास्तराची खुर्ची किती पक्की असते, ते यावरून कळतं.

आता आजची शाळा बघू. १९८७ साली जपान सरकारने परदेशी तरुणांना शाळेत आणण्यासाठी 'जेट' नावाची योजना काढली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण गेले. आज या योजनेत पाच हजारांवर माणसं आहेत. बहुतेक जण सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करतात.

सहायक म्हणजे काय? वर्ग जपानी शिक्षकाचा. परदेशी मास्तर त्याच्या बाजूला उभा. वाक्य म्हणून दाखवायचं, मुलांनी ते मागून म्हणायचं. कित्येक मास्तर स्वतःवरच विनोद करतात की आम्ही जिवंत टेपरेकॉर्डर आहोत. चांगला जपानी सहकारी भेटला तर दोघं मिळून खेळ, गाणी, संवाद बसवतात आणि वर्ग रंगतो. नाही तर बाकीचा वेळ शिक्षकांच्या खोलीत टेबलाशी बसून काढायचा. काहींना एकच शाळा, काहींना आठवड्यात तीन-चार शाळा फिराव्या लागतात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्यामुळे प्राथमिक शाळांतलं काम वाढलं.

सकाळी शाळेत शिरताना बाहेरचे जोडे काढून आतले घालायचे. शिक्षकांच्या खोलीत वाकून सगळ्यांना नमस्कार. संध्याकाळी आपण आधी निघालो तर "तुमच्या आधी निघतो, माफ करा" अशा अर्थाचं वाक्य म्हणायचं, कारण जपानी शिक्षक रात्र पडेपर्यंत खेळाच्या आणि छंदांच्या मंडळांत अडकलेले असतात. दुपारचं जेवण बहुतेक शाळांत मुलांबरोबर वर्गातच. पांढरे एप्रन घालून मुलंच वाढतात. गुरुजी आणि पोरं एकच जेवण जेवतात. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत, कारण आमटीतसुद्धा मासळीचा अर्क असतो.

आणि माता-भगिनींनो, आता सांगतो ते नीट ऐका. जेवण झालं की साफसफाईची वेळ. वर्ग, जिने, पुष्कळ ठिकाणी संडाससुद्धा मुलंच साफ करतात. डॉक्टरचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच फडक्याने लादी पुसतो. परदेशी मास्तरही हातात झाडू घेतो. ज्या देशात झाडू जातीला बांधून दिला, त्या देशातल्या आपल्या लोकांना या पंधरा-वीस मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको.

पण म्हणून जपान हा समतेचा स्वर्ग आहे, असं समजू नका. तिथेही बुराकू नावाचा समाज आहे. चामड्याचं काम, कत्तलखाना, मढी उचलणं, यावरून त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हीन ठरवलं. १८७१ मध्ये सरकारी हुकमाने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, तरी विटाळ गेला नाही. १९२२ साली क्योतोमध्ये त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. १९७५ साली उघड झालं की बुराकू वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, त्या वस्त्यांतली माणसं नोकरीला लागू नयेत म्हणून. बुद्धाची मूर्ती देवळात असून भागत नाही, बुद्धाचा विचार व्यवहारात यावा लागतो.

परदेशी मास्तरालाही याची झळ लागते, अर्थात वेगळ्या मापाने. घर भाड्याने घ्यायला गेला की मालक म्हणतो, परदेशी नको. मिळालं तर जपानी जामीन आणा, अनामत भरा, वर घरमालकाला 'रेइकिन' म्हणजे परत न मिळणारे आभाराचे पैसे द्या. मास्तरांतही उतरंड असते. पुष्कळ ठिकाणी मास्तर पाहिजे तो इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा, आणि मातृभाषा पाहताना चेहऱ्याचा रंगही पाहिला जातो. आता फिलिपाइन्स, जमैका, दक्षिण आफ्रिका इथले मास्तर पुष्कळ आहेत आणि उत्तम शिकवतात. तरी आपल्या पोरांनी हे जाणून असावं. व्हिसाची अट अशी की साधारणपणे पदवी पाहिजे. शाळेतल्या नोकरीचा जो 'शिक्षक' व्हिसा असतो, त्याला तर बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं लागतं.

आता पगाराचं बघू, कारण भाकरीचा प्रश्न तिथेच आहे. जेट योजनेत २०१२ पासून पहिल्या वर्षाला ३३ लाख ६० हजार येन ठरले, अलीकडे त्यात वाढ झाली. पण करार एकेका वर्षाचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. याच्या बाहेर फार मोठा वर्ग आहे तो ठेकेदारी कंपन्यांच्या मास्तरांचा. नगरपालिकेचं शिक्षण मंडळ निविदा काढतं, कमी बोली लावणाऱ्या कंपनीला काम जातं. ती कंपनी मास्तराला महिना साधारण दोन ते अडीच लाख येन देते. ऑगस्टच्या सुटीत पुष्कळांचा पगार कापला जातो. आठवड्याचे तास २९.५ दाखवायचे, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शनचा आपला वाटा कंपनीला भरावा लागू नये, हा खेळही चालत आला. मार्च संपला की करार संपला. एप्रिलमध्ये पुन्हा घेतील की नाही, याचा घोर.

हे वाचताना आम्हाला आमची गिरणी दिसली. आम्ही बदली म्हणून लागलो तेव्हा रोज पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकावर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर घरी. तो जपानमधला मास्तर टाय लावून शाळेत जातो, मुलं त्याला 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी म्हणून वाकतात. पण कराराच्या कागदावर तो बदली कामगारच आहे.

मग मालक बुडाला की काय होतं? 'नोव्हा' ही इंग्रजी संभाषण शिकवणारी जपानमधली सर्वांत मोठी कंपनी होती. स्टेशन-स्टेशनपाशी तिचे वर्ग. नोकरदार माणसं, गृहिणी संध्याकाळी येऊन धडे घेत, पैसे आगाऊ भरत. धडे रद्द करणाऱ्यांचे पैसे ती नीट परत देईना, म्हणून २००७ च्या जूनमध्ये सरकारने तिच्यावर कारवाई केली. ऑक्टोबरमध्ये कंपनी कोसळली. हजारो परदेशी मास्तरांचे पगार थकले. घरभाडं पगारातून कापलेलं, पण घरमालकाला पोचलेलं नाही. म्हणून कित्येकांना घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. पुढे कंपनीच्या प्रमुखाला कर्मचाऱ्यांच्या निधीचा गैरवापर केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या दिवसांत उभं कोण राहिलं? युनियन. तिने मास्तरांचे थकलेले पगार मिळवण्यासाठी अर्ज भरून दिले आणि 'जेवणाच्या बदल्यात धडा' असा उपक्रम काढला. आगाऊ पैसे भरून फसलेला जुना विद्यार्थी मास्तराला जेवू घालायचा आणि मास्तर त्याला शिकवायचा. दोघेही बुडालेले, दोघांनी एकमेकांना धरलं. करुणा म्हणतात ती हीच.

त्याच २००७ च्या डिसेंबरात टोकियोला 'बर्लिट्झ' या दुसऱ्या शाळेतल्या मास्तरांनी पगारवाढीसाठी संप सुरू केला. कंपनीने युनियनवरच अकरा कोटी येनांच्या भरपाईचा दावा लावला. २०१२ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या न्यायालयाने तो फेटाळला. संप करणं हा कामगाराचा हक्क आहे, मग तो परदेशी का असेना. जपानच्या घटनेच्या २८ व्या कलमात संघटनेचा हक्क आहे. श्रमकायद्याचं तिसरं कलम सांगतं की राष्ट्रीयत्वावरून पगारात आणि कामाच्या अटींत भेद करता येणार नाही. मध्येच नोकरी सोडली तर इतका दंड, असं करारात आधी ठरवून ठेवायलाही १६ व्या कलमाने मनाई आहे. २०१३ पासून लागू झालेला नियम म्हणतो, एकाच मालकाकडे कराराची मुदत पाच वर्षांवर गेली की कामगाराने कायम कराराची मागणी करावी, मालकाला ती नाकारता येत नाही. म्हणून काही मालक पाच वर्षं भरायच्या आतच नारळ देतात. कायदा आहे, पण मागणाऱ्यालाच मिळतो.

बंधूंनो, गुरुजी म्हणवून घेतल्याने समता मिळत नाही, हे आपल्याला जपानने शिकवायची गरज नाही. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. अमेरिकेत शिकून आलेला एवढा विद्वान! पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी मास्तर वैतागला तर आपल्या देशी परत जाईल. जातीचा चटका बसलेल्याने कुठे परत जायचं? म्हणून दोन्ही दुःखं एकसारखी आहेत असं आम्ही म्हणणार नाही. पण बाबासाहेब मानावर थांबले नाहीत, हक्कासाठी झटले. १९३८ साली ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांना घेऊन त्यांनी संपबंदीच्या बिलाविरुद्ध संप केला. तोच मार्ग जगातल्या कुठल्याही कामगाराचा.

तेव्हा पोरांनो, जावं का, या तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर आहे : खुशाल जा. एकतीस डिसेंबरच्या रात्री तिथल्या विहारांत घंटेचे १०८ टोल पडतात, ते ऐका. ८ एप्रिलला ते बुद्धजयंती फुलांनी करतात, ती बघा. पण करार स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. सुटीतला पगार, विमा, घरभाडं, करार संपल्यावर काय, हे चार प्रश्न आधी विचारा. पासपोर्ट आणि निवासकार्ड कुणाच्या ताब्यात देऊ नका. नोकरी सुटली तर चौदा दिवसांत इमिग्रेशन कचेरीला कळवा. एजंट लाखाची गोष्ट करत असेल तर त्याला लेखी द्यायला सांगा. आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यात युनियनचं ऑफिस कुठे आहे ते शोधा.

आईबापांना एवढंच सांगणं की पोरगं परदेशी गेलं म्हणून पेढे जरूर वाटा, पण फोनवर पगाराच्या आधी विचारा, "बाळा, तुला तिथे माणूस म्हणून वागवतात का?" तो गप्प राहिला तर समजून घ्या, आणि त्याला सांगा, एकटा राहू नको, संघटित हो.



नमो बुद्धाय! जयभीम!