मोळी आणि पदार्थविज्ञान

सोलापूर जिल्ह्यांतील श्रीपूर हें गांव साखरेसाठीं ओळखलें जातें. चंद्रशेखर आगाशे यांनीं १९३४ सालीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली आणि तिचा कारखाना येथें उभा राहिला. पण साखर होण्यापूर्वीं ऊस कोणाच्या तरी डोक्यावरून गाडींत चढलेला असतो. बल, कार्य आणि शक्ति हे शब्द समजून घेण्यास त्या मोळीइतकें चांगलें साधन नाहीं.

ऊस तोडणारी एक बाई २० किलोची मोळी डोक्यावर घेऊन उभी आहे, असें समजूं. पुढची बाई फळीवरून उतरेपर्यंत तिला थांबणें भाग आहे. मोळी पेलण्यास ती सुमारें १९६ न्यूटन बल लावते. मान अवघडते, घाम येतो. तरीहि शास्त्र म्हणतें कीं मोळीवर झालेलें कार्य शून्य, कारण मोळी वर सरकलीच नाहीं. हें ऐकून ती बाई शास्त्रज्ञाला फडांतून हाकलून देईल, आणि तें गैर होणार नाहीं. उभें राहतांनाहि स्नायूंचे तंतु अखंड आकसत असतात, त्यांत अन्न जळतें. तें शून्य मोळीपुरतें आहे, बाईपुरतें नव्हे.

आतां ती फळीवरून दोन मीटर चढली. मोळीवर ३९२ जूल कार्य झालें. परंतु तिचें स्वतःचें ५० किलोचें शरीरहि वर गेलें; त्याचे ९८० जूल निराळे. एक टन ऊस म्हणजे अशा ५० मोळ्या, ५० चढ. मोळ्यांसाठीं १९,६०० जूल, शरीरासाठीं ४९,०००, म्हणजे अडीच पट! मजुरी मात्र टनावर ठरते. काट्यावर ऊस चढतो, बाई चढत नाहीं.

हेंच कार्य किती वेळांत होतें, यावरून शक्ति ठरते. चार सेकंदांत चढल्यास तिची शक्ति ३४३ वॅट होते. जेम्स वॉटनें ठरविलेली अश्वशक्ति ७४६ वॅट आहे. म्हणजे तेवढ्या क्षणापुरती ही बाई जवळजवळ अर्ध्या घोड्याइतकी होते. मुकादमानें घाई केली तर कार्य तेवढेंच राहतें, शक्ति तेवढी अधिक लागते. दमछाक होते ती त्यामुळें.

ऊर्जा नेण्यास वस्तु वाहून न्यावीच लागते, असें मात्र नाहीं. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला कीं लाट बांधापर्यंत पोंचते, ताटें मात्र जागच्या जागीं डोलतात. ध्वनीचेंहि तसेंच. भोंग्याजवळची हवा कानापर्यंत येत नाहीं; एक थर दुसऱ्याला ढकलतो, एवढेंच. सेकंदाला सुमारें ३४० मीटर वेगानें हा आवाज किलोमीटरभर दूरच्या फडांत तीन सेकंदांनीं पोंचतो. तेवढ्या वेळांत ती बाई मोळीसह फळीचा पाऊण भाग चढून गेलेली असते.