येसरच्या वहीला लाकडाचा आधार

आम्ही बेंबळीच्या बचतगटातल्या बायका बोलतोय.

आमचा गट येसर करतो. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजायची, धणे, जिरे, मिरची भाजून त्यात घालायची आणि दळून आणायची. आपल्याकडच्या बायांना हे वेगळं सांगायला नको. आमचं प्रमाण गटातल्या एका आत्याबाईंचं. त्यांना लिहिता येत नव्हतं, मुठीने मापायच्या. आम्ही त्यांची एकेक मूठ तराजूत टाकली आणि ग्रॅम वहीत लिहून घेतले. आत्याबाई आता नाहीत.

आणि ही वही आम्ही ठेवायचो कुठं, तर कढईच्या शेजारी! तेलाने दोन पानं चिकटली, सोडवताना धण्याची ओळच निघून गेली. त्या दिवशी धणे अंदाजाने पडले. मसाला परत आला. पैसे गेले ते गेलेच, पण विचारायला माणूस राहिलं नव्हतं. चार जणींनी चार आकडे सांगितले. तीनदा थोडं थोडं करून पाहिलं, तेव्हा कुठं चव जुळली.

पारायणाला ज्ञानेश्वरी ठेवतात ते व्यासपीठ आपण सगळ्यांनी पाहिलंय. पोथी खाली टेकत नाही, पानं डोळ्यांसमोर राहतात. ते घडीचं असतं, त्याला सुताराचा हात लागतो. आम्ही त्याहून सोपं केलं.

लाकूड माळवद उतरवलं तेव्हाच्या फळ्यांचं. फळांच्या पेटीचंही चालतं. मात्र जुना रंग लावलेली फळी घेऊ नका, त्या रंगात शिसं असू शकतं. कारखान्यातून आलेल्या लाकडी पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर तीही नको. तिला कीड मारायचा विषारी धूर दिलेला असतो. ‘एचटी’ म्हणजे नुसती तापवलेली, ती चालते. जुने खिळे आधी उपटून घ्या. टोचलाच तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात जा, हळद लावून बसू नका.

आता माप. पाऊण इंच जाडीचा, 8 इंच लांब आणि 5 इंच रुंद असा एक तुकडा घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारून करवतीने कापा. एकाच कापात दोन सारखे त्रिकोण मिळतात. हेच मागचे टेकू. 5 इंचाची बाजू खाली ठेवून दोन्ही उभे करा आणि तिरप्या बाजूवर 12 इंच रुंद, 10 इंच उंच फळी ठोका. एवढी मोठी फळी नसेल तर अरुंद पट्ट्या एकावर एक ठोका, टेकूच त्यांना धरून ठेवतात. फळीच्या खालच्या काठाला पुढून दोन इंचाची आडवी पट्टी, आणि तिच्या कडेला अर्ध्या इंचाचा काठ, म्हणजे वही घसरत नाही. बाभळीचं लाकूड असेल तर आधी गिरमिटाने भोक पाडा. आमची पहिली फळी थेट खिळा मारल्याने तडकली.

काचपेपरने घासून तेल लावा, पण ते जवसाचं. आम्ही आधी शेंगदाण्याचं लावलं. ते वाळतच नाही, पीठ चिकटून बसलं. जवसाचं वाळतं. फक्त त्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळं पसरून वाळवा.

वही ठेवली की दोन्ही बाजूंना कपड्याचे चिमटे लावा. वरून साडीच्या पिशवीचा पारदर्शक कागद सोडा, तेलाचे थेंब त्याच्यावर पडतील. चुलीपासून मात्र हातभर लांब, शेवटी ते लाकूडच आहे. खाली बसून काम करत असाल तर उलट्या डब्यावर ठेवा.

एक गोष्ट आमच्या ध्यानात नव्हती. आधी एक जण वही धरून वाचायची आणि बाकीच्या ऐकायच्या. आमच्यातल्या दोघी अलीकडेच अक्षरं शिकल्यात, त्यांना सगळ्यांपुढं वाचायला संकोच वाटायचा. आता वही समोर उभी असते. त्या भाजता भाजता बोट फिरवतात, ओठांतल्या ओठांत आकडा जुळवतात. परवा त्यातलीच एक म्हणाली, “थांबा गं, जिरे दोनदा पडतायत.”

धण्याची ओळ आम्ही नव्याने लिहिली आहे. या वेळी दोन वह्यांत.