६५ अंशांवर अडलेली जोडी

विलगीकरण तंत्रावरच्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. स्वागताध्यक्षाने थोडक्यात बोलावे, असा संकेत आहे. तो पाळणारे स्वागताध्यक्ष मात्र विरळाच!

महाराष्ट्राला इथाइल ॲसिटेट नवे नाही. महाड आणि नीरा इथे त्याचे मोठे उत्पादन होते. प्रयोगशाळेत ते हेक्झेनमध्ये मिसळून क्रोमॅटोग्राफीचा कॉलम चालवतात आणि दिवसअखेर उरतात वापरलेल्या मिश्रणाच्या बाटल्या. हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, इथाइल ॲसिटेट ७७ला. म्हणजे ऊर्ध्वपातनाने सहज सुटावीत. पण ६५ अंशांच्या सुमारास दोन्ही एकत्रच उकळतात. द्रवात जे प्रमाण, तेच वाफेत. मग ऊर्ध्वपातनाच्या कॉलममध्ये ट्रे कितीही वाढवा, त्यापुढे गाडी सरकत नाही. हाच ॲझिओट्रोप.

इथे आयनिक द्रव कामी येतात. हे निव्वळ आयनांचे बनलेले, पण कमी तापमानालाही द्रवरूप राहणारे क्षार. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली वर्णन केलेले इथाइलअमोनियम नायट्रेट १२ अंशांनाच वितळते. आखूड साखळीचे इमिडाझोलियम क्षार इथाइल ॲसिटेट या ध्रुवीय एस्टरला आपल्याकडे ओढतात, हेक्झेन बहुतांशी वरच्या थरात राहते. मिश्रण उकळायचीही गरज नाही. पुढे खालचा थर तापवला की एस्टर उडून जाते आणि बाष्पदाब नगण्य असल्याने क्षार मागे उरतो, पुन्हा वापरायला. साखळी लांबवली, तर हेक्झेनही त्यात विरघळू लागते आणि निवड ढिली पडते.

कागदावर हे फारच देखणे दिसते. स्वागत समितीला मात्र वाटते की चर्चा पुढच्या टप्प्यावर व्हावी. हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचे काही क्षार पाण्याच्या शेकडोपट चिकट असतात. पंप आणि मिश्रक दोघांचीही परीक्षा. ओलावा आणि उष्णता मिळाली की या क्षारांतून हायड्रोजन फ्लोराइड सुटते, जे काचही खाते. वाफ होत नाही म्हणून हवा वाचते, पण सांडपाण्यात गेलेल्या क्षाराचे काय? शिवाय साध्या द्रावकापेक्षा तो कितीतरी महाग. पुनर्वापराच्या प्रत्येक फेरीत थोडा जरी निसटला, तरी हिशेब कोलमडतो.

म्हणून निबंध वाचणाऱ्यांना एक विनंती: निवडकतेचे आकडे दाखवताना, किती फेऱ्यांनंतर किती क्षार परत मिळाला, तेही सांगावे. पहिले सत्र याच सभागृहात आहे, चहा बाहेरच्या ओसरीवर.