पॅरिशचा कायम निधि
(ज्युबिलीनिमित्त शिरड शहापूर येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं पैशाची गोष्ट काढणारा मनुष्य कोणासही आवडत नाहीं. जेवणापूर्वींच हा विषय उरकून घ्यावा अशी फादरांची आज्ञा झाली आहे. तेव्हां आपण भूक थोडी आवरावी, मीही शब्द आवरतों.

वसमत-औंढ्याच्या ह्या पट्ट्यांत हळदीविषयीं बोलणें धारिष्टाचें आहे, कारण आपण सर्व मजहून अधिक जाणतां. हळद काढली, शिजविली, वाळविली, बाजारांत नेली. परंतु पुढील लावणीचें बेणें शेतकरी निराळें झांकून ठेवितो. भाव कितीही चढो, घरांत लग्न निघो, बेणें विकून खाणारास गांव शहाणा म्हणत नाहीं. कायम निधि तो हाच. मुद्दल हें बेणें, त्यास हात लावावयाचा नाहीं. व्याज हें पीक, त्यांतून मंदिराचें छप्पर, कॅटेकिस्टाचें वेतन, अनाथ मुलाचें शिक्षण चालवावयाचें.

आजपर्यंत आपण दुसऱ्यांचें पीक खाल्लें, हें स्पष्ट बोललें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नांवाचे मिशनरी घोगरगांवीं आले, तेव्हां समुद्रापलीकडील गरीब माणसांच्या दानाचाही त्या कार्यास आधार होता. १९७७ सालीं औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर आहे, १९९९ पासून आपला हिंगोली जिल्हाही परभणीपासून निराळा झाला. सर्व कांहीं वेगळें होऊन स्वतःच्या पायांवर उभें राहिलें. आपली दानपेटी मात्र अजून बाहेरच्या मनीऑर्डरीची वाट पाहते.

शेजारीं पाहावें. ह्याच गांवीं मल्लिनाथांचें दिगंबर जैन देवस्थान आहे. देवस्थानास तिथीची ठेव देऊन तिच्या व्याजांतून पूजा अथवा अन्नदान कायम चालविण्याची रीत आपल्या बंधूंत रूढ आहे. त्यांत आपण शिकण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्याच समाजाचा दाखला हवा असेल तर वसईचा घ्या. १९१८ सालीं मोन्सेंयॉर पी. जे. मोनीस यांनीं तेथील कॅथॉलिकांची पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. ती कांहीं पॅरिशचा निधि नव्हे. पण लहान लहान रकमा नेमानें एकत्र ठेविल्या असतां काय होतें हें तीवरून दिसतें.

नेम हाच मुख्य. योसेफानें मिसरांत सुकाळाच्या सात वर्षीं पंचमांश धान्य सांठविलें; दुष्काळ पडल्यावर सांठवूं लागला असता तर काय झालें असतें? समजा, चाळीस घरांनीं हळद विकल्यावर वर्षास चोवीसशें रुपये बाजूस काढिले. दहा वर्षांत नऊ लक्ष साठ हजार होतात, व्याज सोडून. शेंकडा सहा दरानें त्यांचें वार्षिक व्याज सत्तावन हजार सहाशें. त्यांतील कांहीं भाग प्रतिवर्षीं मुद्दलांत परत घालावाच, कारण महागाई न दिसतां मुद्दल कुरतडते. पूर्वीं थोड्या रुपयांत कायमच्या मिस्सा नेमून गेलेल्या धर्मशील मंडळींच्या ठेवी अशाच आटल्या, आणि उत्पन्न न पुरल्यास मिस्सांची संख्या कमी करण्याची तरतूद धर्मसभेच्या कायद्यासही करावी लागली.

आतां मृत्युपत्राविषयीं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमान्वयें पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती मनुष्यास धर्मकार्यासाठीं मृत्युपत्रानें कांहीं ठेवणें दुर्घट होतें: मृत्युपत्र मरणापूर्वीं निदान बारा महिने झालेलें असावें आणि सहा महिन्यांच्या आंत सरकारी ताब्यांत ठेवलेलें असावें. केरळांतील फादर जॉन वल्लमट्टम यांनीं दाद मागितली आणि २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केलें. वाट मोकळी झाली, चालणारे थोडे.

चालतांना ठेंच लागूं नये म्हणून सांगतों. दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य हव्यात. पण साक्षीदारास किंवा त्याच्या पतिपत्नीस दिलेलें दान व्यर्थ होतें. लग्नापूर्वीं केलेलें मृत्युपत्र लग्नानें रद्द होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थानें दोन एकर जमीन मंदिरास द्यावयाची असें वीस वर्षें तोंडानें म्हटलें, कागद केला नाहीं. त्याच्या दफनानंतर मुलांत तंटा झाला, आणि मंदिराचें नांव त्या तंट्यांत ओढलें गेलें ह्याचें मला अद्याप वाईट वाटतें. मुलांची भाकर प्रथम. मातापित्यांस उपाशी ठेवून धन देवास वाहिलें म्हणणारांस प्रभूनें काय सुनावलें, तें आपण जाणतां. मृत्युपत्र नसल्यास विधवेस तिसरा हिस्सा आणि उरलेलें मुलांमुलींस समान मिळतें. ज्यास कांहीं वेगळें करावयाचें असेल त्यानें तें जिवंतपणीं, घरच्यांस समोर बसवून करावें.

दुसरी बाजूही आहे. दात्यानें विश्वास ठेवावा तर पंचांनीं हिशेब द्यावा. एका पॅरिशमध्यें, नांव घेत नाहीं, शाळेच्या छपरासाठींची ठेव दुष्काळांत धान्यासाठीं मोडली. भुकेल्यांस दिली म्हणून मी दोष देत नाहीं. पण कोणाच्या ठरावानें मोडली आणि केव्हां भरावयाची, हें कोणी लिहिलें नाहीं, आणि दात्याची लेक आजही छपराखालीं छत्री धरून बसलेल्या मुलांविषयीं विचारते. ज्या हेतूनें दान आलें त्याच हेतूस तें लागलें पाहिजे, असा धर्मसभेचा कायदा आहे. शिवाय सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवांचून विकतां येत नाहीं. शेतजमीन देऊं इच्छिणारांनीं आधीं वकिलास विचारावें, मग फादरांस.

म्हणून माझी विनंति इतकीच कीं निधीचें खातें निराळें असावें, ठराव वहींत उतरावे, आणि प्रतिवर्षीं ईस्टरनंतरच्या रविवारीं जमाखर्च मंदिराच्या दारावर लागावा. देणगीचा आंकडा मात्र लावूं नये. त्या विधवेच्या दोन दमड्या प्रभूनें पाहिल्या होत्या, आपण मोजावयाचें कारण नाहीं. वही आज पंचांच्या टेबलावर ठेविली आहे. पहिली ओळ मी माझ्या नांवें लिहिली आहे, रक्कम फादरांस ठाऊक आहे. आतां जेवावयास उठावें.