पटावरचे मूल आणि वाचणारे मूल
(सुवर्णमहोत्सवानिमित्त रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. राजकारणी म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ते मूळचे शिक्षक, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक एके काळी शाळाशाळांतून चालत असे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी माफक होती. जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथे स्थानिक संस्थेने ठरविल्यास सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करावे, एवढीच. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे ८६ वी घटनादुरुस्ती २००२ साली झाली आणि शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. एका कोकणी शिक्षकाचा हिशेब मान्य होण्यास ९८ वर्षे लागली!

आज मूल पटावर आहे, दुपारचे भोजन आहे, पुस्तके विनामूल्य आहेत. प्रश्न पुढचा आहे. पाचवीच्या वर्गात बसलेल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो काय? २००५ पासून ‘असर’ या नावाने देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ही पाहणी केली जाते. तिचे साधन म्हणजे साधा कागद: अक्षरे, शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. मूल जेथे अडखळते ती त्याची पातळी. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले देशात २०१८ साली २०.९ टक्के होती. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली हे प्रमाण १६.३ वर घसरले आणि २०२४ साली २३.४ टक्क्यांवर आले. सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि शंभरांतील शहात्तर मुले अद्याप मागेच आहेत, आणि त्यांत ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, खाजगी शिकवणीची ऐपत नाही, अशांचीच मुले अधिक असणार हे सांगावयास संशोधक लागत नाही.

संशोधक लागतो तो उपाय कोणता चालतो हे ठरविण्यासाठी. या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९० च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ ही योजना सुरू केली. वस्तीतीलच शिकलेली एक तरुणी, जुजबी प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले. शाळेच्या वेळेतच ती त्यांना दोन तास बाजूला घेऊन अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी करून घेई. योजना चांगली वाटत होती. परंतु चांगली वाटणे आणि चांगली ठरणे यांत अंतर असते. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत तिची कसोटी घेतली. पद्धत अशी की, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे शाळांचे दोन गट पाडले. एका गटात तिसरीला बालसखी दिली, दुसऱ्या गटात चौथीला. कोणतीही शाळा वंचित राहिली नाही आणि तुलना मात्र प्रामाणिक झाली. ज्या शाळेने मागितले तिला दिले असते, तर लाभ बालसखीचा की मुळातच तत्पर असलेल्या मुख्याध्यापकांचा, हे कधी कळलेच नसते.

निष्कर्ष स्पष्ट निघाला. मुलांची प्रगती झाली, दुसऱ्या वर्षी पहिल्याहून अधिक झाली, आणि सर्वांत मोठा लाभ वर्गातील सर्वांत कच्च्या मुलांना झाला. दर मुलामागे वार्षिक खर्च सुमारे सव्वादोन डॉलर. मात्र दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. योजना संपल्यावर वर्षभराने या लाभाचा बराच भाग ओसरला होता. आणि खर्च इतका कमी होता याचे एक कारण बालसखीचे मानधन अत्यल्प होते हे आहे. तरुण मुलींच्या स्वस्त श्रमाला काटकसर म्हणून मिरविणे बरे नव्हे.

पुढे हेच काम सरकारी शिक्षकांकरवी होईल काय, हे पाहिले गेले. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी वर्गांत शिक्षकांनी पातळीप्रमाणे गट करून शिकविले, तेव्हा मुले पुढे गेली. तेच साहित्य, तेच प्रशिक्षण वर्षभराच्या शाळेत दिले, तेव्हा उपयोग झाला नाही. शिक्षक अकार्यक्षम नव्हते. अभ्यासक्रम पुरा करणे हेच त्यांचे खरे काम मानले जात होते. हरियाणात २०१२-१३ साली रोजचा एक तास वेळापत्रकातच राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता विसरून पातळीप्रमाणे मुले बसविली आणि पर्यवेक्षकांनी वर्गावर जाऊन पाहिले. तेव्हा भाषेत सुधारणा दिसली. २०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या मुळाशी असलेल्या कामांत मुंबईच्या शाळांतील हे काम होते.

याच क्रेमर यांचा केनियातील एक अनुभव दात्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. तेथे गरीब शाळांना पाठ्यपुस्तके दिली गेली. सरासरी निकाल सुधारला नाही. लाभ झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांना ती वाचताच येत नव्हती. आपल्याकडे जून महिन्यात वह्या, दप्तरे, गणवेश यांचे वाटप होते, छायाचित्र निघते, वर्तमानपत्रात छापून येते. ज्ञानदान म्हणून ते होते आणि भाव शुद्धच असतो. गणवेशाने मुलाला वर्गात बसण्याचा संकोच वाटत नाही, हेही खरे. पण वही कोरी राहिली तर दान वहीचे झाले, ज्ञानाचे नव्हे.

आता रत्नागिरीकडे पाहू. येथील गाव एका जागी वसलेले नसते. ते वाड्यांत विखुरलेले असते, आणि वाडीतील कर्ती माणसे मुंबईस चाकरमानी. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट आटले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा-पंधरा हजारांच्या घरात असल्याचे सांगितले गेले, आणि २०२३ साली त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. कागदावर हे काटकसरीचे आहे. पण वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. मध्ये पऱ्या आहे, साकव आहे, घाटी आहे. सहा वर्षांची मुलगी जुलैमध्ये ती वाट रोज चालणार नाही, आणि प्रथम गळेल ती तीच.

शिवाय या शाळांची जी अडचण समजली जाते, तीच या पद्धतीची सोय आहे. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या वाडीवरच्या शाळेत मुले एकत्रच बसतात. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसविण्यास भिंत पाडावी लागत नाही. येथील पटावर आंबाबागांतील राखणदारांची आणि मच्छीमार नौकांवरील खलाशांची नेपाळी मुलेही असतात. त्यांची घरची भाषा वेगळी, आणि हंगाम संपला की कुटुंबाबरोबर ती निघून जातात. मंडणगड-खेडकडील कातकरी कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांचेही तेच. परतलेल्या मुलाला वयानुसार चौथीत बसविणे कायद्याने योग्य आहे. त्याच कायद्याने त्याला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही दिला आहे. पहिला भाग हजेरीपुस्तकात त्वरित होतो. दुसऱ्यासाठी कोणी तरी रोज तासभर त्याच्याजवळ बसावे लागते.

तेवढी माणसे या जिल्ह्यात आहेत. बारावी, पदवी होऊन वाडीतच राहिलेल्या मुली आहेत, निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना योग्य मानधन, शाळेची संमती आणि जूनमध्ये व मार्चमध्ये तोच एक कागद पुढे ठेवून प्रत्येक मुलाचे वाचन ऐकणे, एवढी तजवीज एका केंद्रातील आठ-दहा शाळांसाठी करावयाची, तर तिचा खर्च दरवर्षीच्या वहीवाटपाशेजारी मांडून पाहता येईल. प्रारंभी निम्म्या शाळा आणि पुढील वर्षी उरलेल्या, असा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविला, तर मार्चमध्ये दोन्हींची तुलनाही हाती येईल.