महागाई, व्याज आणि शेअरबाजार

(आर्वी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या समाजातील पुष्कळ तरुण हल्ली मोबाइलवरून शेअर घेतात आणि भाव उतरला की चिंतातुर होतात. कंपनीचा कारखाना सुरळीत चालू असता तिच्या शेअरचा भाव का पडावा, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी महागाईत व व्याजात सापडते.

आपल्याकडील जिनिंगचेच उदाहरण घ्या. हंगामात कापूस खरेदीसाठी मालक बँकेचे कर्ज काढतो. व्याज चढले म्हणजे रुई तितकीच निघूनही नफा घटतो; वीज व मजुरी महागली की तो आणखी आटतो. वाढलेला खर्च ज्याला विक्रीच्या भावात घालता येतो, तोच तरतो. मोठ्या कंपन्यांची गोष्ट याहून निराळी नाही.

दुसरे कारण गणिताचे आहे. शेअरचा भाव म्हणजे उद्याच्या नफ्याचे आज केलेले मोल होय. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल ५ टक्के चक्रवाढ दराने सुमारे ६१ रुपये भरते. दर ८ टक्के झाला की ते ४६ वर येते. शिवाय ठेवीवर बरे व्याज मिळू लागले, म्हणजे जोखीम कोण पत्करील?

एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के झाला. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर अकस्मात ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला आणि त्याच दिवशी सेन्सेक्स १,३०० अंशांहून अधिक कोसळला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो दर ६.५० टक्के झाला. परंतु दर चढत असतानाच, १ डिसेंबर २०२२ रोजी, सेन्सेक्सने ६३,००० च्या वर नवा उच्चांक गाठला! कारण बाजार आजचे नव्हे, पुढचे पाहतो. म्हणून त्याची वेळ साधू म्हणणारा बहुधा फसतो.

केवळ ठेवीवर विसंबणेही निर्धोक नाही. ६ टक्के व्याज आणि ७ टक्के महागाई असेल, तर पैसा वाढलेला दिसतो, पण त्यात धान्य कमीच येते.

तात्पर्य, पीककर्जाचा, मुलांच्या फीचा वा लग्नकार्याचा पैसा शेअरमध्ये घालू नये. पडत्या भावात ज्याला विकावेच लागते, तो बुडतो. ज्या रकमेची अनेक वर्षे गरज नाही, तीच तेथे असावी. कारण थांबण्याची ऐपत हेच लहान माणसाचे खरे भांडवल होय.