‘खुकरी’चे बलिदान आणि ‘अर्नाळा’

दिघोरीच्या धानशिवारातून समुद्र दिसत नाही. पण येथील पंपांचे डिझेल समुद्रमार्गे आलेल्या तेलाचेच. त्या मार्गाचा वैरी पाण्याखाली दडतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोन हजारांहून अधिक मालवाहू जहाजे बुडविली. जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या छोट्या युद्धनौका तेव्हा मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. आपली ‘खुकरी’ त्याच परंपरेतील, ब्रिटिश बांधणीची.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात असता तीच ‘हंगोर’च्या टॉर्पेडोला बळी पडली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक हुतात्मा झाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र लाभले. हे शौर्य सर्वत्र गायिले जाते, आणि ते योग्यच. क्वचित सांगितले जाते ते निराळेच: ध्वनीवरून शत्रू हुडकणारे ‘हंगोर’चे सोनार यंत्र अधिक दूरचे ऐकत होते. शिकाऱ्याच्या कानांपेक्षा सावजाचे कान तीक्ष्ण होते!

१८ जून २०२५ रोजी पाणबुडीविरोधी ‘अर्नाळा’ नौदलात दाखल झाली. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या, वसईजवळील जलदुर्गाचे हे नाव. तिच्यातील ८० टक्क्यांहून अधिक सामग्री स्वदेशी आहे.